आल्देवीरच्या मठातला भित्रा बखरकार

हाब्बोने लिहिलेल्या बखरीचं पान न् पान आधी माझ्या हातून गेलेलं आहे. वाचून नव्हे, मला वाचता येत नाही. आल्देवीरच्या मठात मी कातडी कमावतो. मेंढी कापली की तिचं कातडं चुन्यात टाकायचं, चौकटीवर ताणायचं, खरवडायचं, वाळवायचं आणि गुळगुळीत झालं की वर हाब्बोकडे न्यायचं. तो ते खिडकीच्या उजेडात धरून बघायचा आणि हमखास विचारायचा, "रेम्बोड, टिकेल ना रे हे?"

"तुझ्यापेक्षा जास्त टिकेल, हाब्बोभाऊ."

"ते सोड. ओल लागली तर?"

या माणसाच्या डोक्यात ओलीशिवाय दुसरं काही नसायचं. जेवताना सगळे ताकात भाकरी कुस्करत असले, तर हा मान तिरकी करून छपरावरचा वारा ऐकायचा. मठातले लोक त्याची टिंगल करायचे. "हाब्बो शिंकला की आधी वारा कुठला ते बघतो," असं आमचा स्वयंपाकी म्हणायचा. हाब्बोला राग यायचा नाही. तो गंभीरपणे सांगायचा, "आज नैऋत्येचा आहे. आज काळजी नाही." मग थोडं थांबून, "रात्रीचं सांगता येत नाही."

त्याला कारण होतं. थोरल्या पुरात त्याचं अख्खं घर गेलं. तो तेव्हा अगदी लहान होता. आईने त्याला गवताच्या गंजीवर फेकलं आणि धाकटीला घ्यायला ती वळली, एवढंच त्याला आठवत होतं. गंजी तरंगत तरंगत आमच्या टेकाडाला येऊन लागली. मठाने त्याला ठेवून घेतलं, शिकवलं. तेव्हाच्या म्हाताऱ्या मठाधिपतींनी पुढे त्याच्या हातात लेखणी दिली. तेव्हा कुणीतरी म्हणालं होतं, "बाबा, हा तर सावलीला भितो." म्हातारे म्हणाले होते, "म्हणूनच. जो भितो तो लक्ष ठेवतो."

हाब्बोने लक्ष ठेवलं. आधीचे बखरकार कुठला बिशप आला, कुठला गेला एवढंच लिहून मोकळे व्हायचे. हाब्बो लिहायचा की भाकरीची राय कोणत्या महिन्यात महागली, गुरांच्या तोंडाला फेस कुठल्या गावात पहिल्यांदा आला, उधाणाचं पाणी बांधाच्या कितव्या ढेपेला, म्हणजे गवतासकट कापून रचलेल्या मातीच्या कितव्या थराला, लागलं. आणि कुणी कुणाला मारलं. आम्हा उत्तर समुद्राकाठच्या फ्रिजियन लोकांत ते दरसाल असतंच.

सगळं तिथूनच सुरू झालं.

आमच्या टेकाडाच्या उत्तरेला समुद्राच्या बांधावर दोन घराण्यांचे तुकडे लागून आहेत. पूर्वेचा ओब्बेमांचा, पश्चिमेचा रेन्समांचा. ज्याची जमीन, त्याने आपल्यापुढचा बांध राखायचा, हा आमच्याकडचा कायदा. ओब्बेमांचा कर्ता वियार्ड. दगडी घर, शंभर गाई आणि जिभेला हाड नाही. रेन्समांचा एप्पो त्या मानाने साधा माणूस, पण अडेल. बांधाबाहेरच्या खाजणातल्या, म्हणजे समुद्राकडच्या खारट गवताळ जमिनीतल्या, चराईवरून दोघांचं जुनं भांडण होतं. एका उन्हाळ्यात घोड्यांच्या बाजारात, भर गर्दीत, वियार्डने एप्पोच्या पोटात सुरा घातला.

पुढे न्यायसभा बसली तेव्हा कुणीच काही पाहिलेलं नव्हतं. एक म्हणाला, मी घोड्याचे दात बघत होतो. दुसरा म्हणाला, मी बिअर प्यायला वळलो होतो. शेवटी असं ठरलं की एप्पो पाय घसरून स्वतःच्याच सुऱ्यावर पडला. हाब्बो त्या दिवशी शाईसाठी लागणाऱ्या ओकच्या झाडावरच्या गाठी घ्यायला बाजारात गेला होता आणि हाताच्या अंतरावर उभा होता. पण मठातल्या माणसाने घराण्यांच्या भांडणात शपथेवर साक्ष द्यायची नाही, असा नव्या मठाधिपतींचा, बाबा सीफ्रिडांचा हुकूम होता. त्यामुळे सभेत तोही गप्प बसला. परत आला, दोन दिवस जेवला नाही आणि मग त्याने बखरीत लिहिलं.

बाबा सीफ्रिडांनी ते वाचलं तेव्हा त्यांना घाम फुटला. वियार्डने नुकतीच मठाला घंटा दिली होती.

"'एप्पो वारला' एवढं पुरे होतं," ते म्हणाले.

"बाबा, वारला तो म्हातारपणाने नाही."

"तुला सावलीची भीती वाटते आणि वियार्डची वाटत नाही?"

"वाटते. लिहिताना हात कापत होता. अक्षर बघा ना कसं आलंय."

बाबांनी खूप समजावलं, पण सक्ती केली नाही. ओळ राहिली. अशा गोष्टी मठाच्या भिंतीआड राहत नाहीत. ओब्बेमांचा घरचा पुरोहित गेरलोफ आमच्याकडे पुस्तकं चाळायला यायचा. त्याच्याकडून ते वियार्डच्या कानावर गेलं आणि तिकडून सगळ्या मुलखात.

एप्पोची बायको तेत्ते. सूडाऐवजी भरपाई घे आणि भांडण मिटव, असा निरोप वियार्डने तिला पाठवला. तिने तो परत पाठवला. तेव्हा वियार्डने आपली माणसं उभी करून भांडणातलं ते खाजण रेन्समांना बंद केलं. बांधाला लागणारी चिकणमाती त्या खाजणातच मिळते. बांधाच्या आतली माती भुसभुशीत, पाण्यात मिठासारखी विरघळते. झालं, रेन्समांचा बांध दोन हिवाळे मातीविना राहिला. माथ्यावर गुरांच्या वाटा पडल्या, ढेपा सुटल्या, खाडीजवळच्या कोपऱ्यात तर उंदरांनी पार चाळण केली.

हाब्बो रोज दुपारची प्रार्थना झाली की तिकडे चालत जायचा. आला की चेहरा पांढरा.

"रेम्बोड, आज मी काठी खुपसली, तर हातभर आत गेली."

"मग सांग ना कुणाला तरी."

"सगळ्यांना माहीत आहे."

आणि खरंच सगळ्यांना माहीत होतं. बाजारात लोक त्या बांधाबद्दल आजारी नातेवाइकाबद्दल बोलावं तसं हळू आवाजात बोलत. पण वियार्डकडे जायला कुणी तयार नव्हतं. तिसरा हिवाळा तोंडावर आला. टिटव्या लवकर उडून गेल्या, ऐन ऑक्टोबरात उधाण बांधाच्या कमरेला लागलं. हाब्बोची झोप उडाली. तो जुन्या पुरांची पानं काढून बसायचा आणि बोट ठेवून सांगायचा, त्या सालीही असंच झालं होतं, आधी असंच उधाण, मग वायव्येचा वारा.

एक दिवस तो माझ्या चुन्याच्या हौदापाशी येऊन उभा राहिला.

"मी वियार्डकडे जातो. चल माझ्याबरोबर."

"मी कशाला?"

"त्यांच्याकडे कुत्री आहेत."

आम्ही गेलो. कुत्री होती, पण बांधलेली. वियार्ड चुलीपाशी बसून तळलेली वाम खात होता. त्याने आम्हाला बसा म्हटलं नाही.

"काय म्हणतो मठ? घंटा वाजते ना नीट?"

"वाजते धनी. फार गोड वाजते." हाब्बोने टोपी दोन्ही हातांनी पिळून धरली होती. "बांधासाठी आलो. बांध जाणार."

"माझा बांध तर डोंगरासारखा उभा आहे."

"तुमचा नाही, रेन्समांचा."

"मग त्या बाईला जाऊन सांग."

"तिच्याकडे माती नाही. माती तुमच्या खाजणात. आणि धनी, पाणी हद्द बघत नाही. तिच्या कोपऱ्यातून शिरलं की तुमच्या मागच्या दाराने येईल. तुमचं घर दगडाचं आहे. गाई दगडाच्या नाहीत."

हाब्बो एवढं बोलेल असं मला वाटलं नव्हतं. वियार्डलाही वाटलं नसावं. त्याने माशाचा काटा तोंडातून काढला, बाजूला ठेवला आणि त्याच्याकडे नीट बघितलं.

"तुझ्या पुस्तकात माझं नाव आहे म्हणे."

"आहे."

"दोनदा आहे असं गेरलोफ सांगतो."

"तीनदा. घंटेचं धरून."

वियार्ड हसला. "घंटेचं राहू दे. बाजाराचं खरवडून काढ. ज्या दिवशी खरवडशील त्याच्या दुसऱ्या दिवशी खाजणात गाड्या घाला, हव्या तितक्या. माझी माणसंही देतो. गेरलोफ येऊन डोळ्यांनी बघेल आणि मला सांगेल. जा आता, मासा गार होतोय."

परत येताना हाब्बो कुंपणापाशी थांबला. मग ओल्या गवतात बसून राहिला. वारा पश्चिमेचा होता, आणि तो त्याने बघितलाही नाही यावरून त्याची अवस्था माझ्या ध्यानात आली.

"एक ओळ," मी म्हणालो. "एका ओळीने मुलूख वाचतोय, हाब्बोभाऊ. मी तर कातड्यावरचं काय काय खरवडतो."

"तू केस खरवडतोस रेम्बोड."

बाबा सीफ्रिडांना हे कळलं तेव्हा त्यांच्या डोक्यावरचं ओझंच उतरलं. "अरे, मी तुला दोन वर्षं हेच सांगत होतो."

"तुम्ही सांगत होतात तेव्हा बदल्यात माती नव्हती, बाबा."

"मग आज संध्याकाळीच उरकून टाक."

"तेत्तेबाईला विचारायला हवं."

"तिला कशाला? पुस्तक मठाचं आहे."

"मेलेला तिचा आहे," हाब्बो म्हणाला आणि पुन्हा मला घेऊन निघाला.

तेत्ते लोणी काढत होती. उंच, हाडकुळी बाई. आम्हाला बघून तिने पाटाकडे बोट केलं. "बसा. ताक घ्या."

हाब्बोने सगळं सांगितलं. अधूनमधून तो ताकाचा घोट घ्यायचा. तिने रवी थांबवली नाही.

"न्यायसभेत कोण बोललं होतं माझ्या बाजूने?" तिने विचारलं.

"कुणी नाही."

"तू बोललास?"

"नाही."

"तू नंतर लिहिलंस. मला ते बाजारात मासळीवालीने सांगितलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले होते." रवी चालूच होती. "लोक मला म्हणतात, भरपाई घेतली असतीस तर बांध कधीच झाला असता. जणू पाणी मीच आणणार आहे. आणि आता तू आलायस."

"बाई, मी तुम्हाला हो म्हणा असं म्हणत नाही. तुम्ही नको म्हणालात तर नाही खरवडणार."

"हो. मग बुडालं कुणी की तेही माझ्याच डोक्यावर." ती पहिल्यांदा थांबली. "तू फार सोयीने विचारतोस रे, भाऊ. जा आता. लोणी बिघडतंय."

परत येताना हाब्बो माझ्या पुढे पुढे चालत होता. तिचं म्हणणं त्याला लागलं होतं, कारण ते बरोबर होतं. आपल्याला उचलत नाही तो भार त्याने तिच्या दारात नेऊन ठेवला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. उत्तर येत नव्हतं आणि दिवस लहान होत होते. हाब्बो गाताना चुकायला लागला. बांधाच्या कोपऱ्यातून आतल्या बाजूला पाणी पाझरू लागलं. साधं गोड पाणी असेल म्हणून मी बोट बुडवून चाटलं. खारट होतं. मी त्याला सांगितलं नाही, पण त्याने आधीच चाटून बघितलेलं होतं.

मग एका सकाळी तेत्ते मठाच्या दाराशी येऊन बसली. बायकांना आत येता येत नाही, म्हणून दारावरच्या भावाने आत निरोप आणला. "बाई म्हणते, खरवडा. पण माझ्यासमोर. आणि गेरलोफला बोलवा."

दुपारपर्यंत गेरलोफ आला. देवडीतल्या लाकडी बाकावर हाब्बोने बखर आणून ठेवली. मी माझा अर्धगोल सुरा आणि घासायचा दगड आणला होता. बाबा सीफ्रिड कोपऱ्यात उभे होते. हाब्बोने सुरा उचलला तेव्हा मी म्हणालो, "आण इकडे, मी करतो. माझं रोजचं काम आहे."

"नको. लिहिलं मी."

तेत्ते म्हणाली, "आधी वाच. मी दुसऱ्याच्या तोंडून ऐकलंय. एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे."

हाब्बोने आधी लॅटिन वाचलं, मग आमच्या बोलीत सांगितलं. "या साली घोड्यांच्या बाजारात वियार्ड ओब्बेमाने एप्पो रेन्समाला सुऱ्याने मारलं. एप्पोच्या हातात त्या वेळी काही नव्हतं. पाहणारे पुष्कळ होते."

गेरलोफ जमिनीकडे बघत होता. तेत्तेने मान हलवली, जशी आपण दुकानात माप बरोबर आहे म्हणून हलवतो. "कर आता."

पातीचा आवाज फार मोठा नसतो, पण त्या देवडीत तो मोठा वाटला. काळी पूड हाब्बोच्या पांढऱ्या झग्यावर पडत होती. काम झाल्यावर तेत्ते वाकली आणि त्या जागेवरून तिने बोट फिरवलं.

"इथे आता काही लिहिता येईल?"

"शाई पसरेल बाई," मी म्हणालो. "खरवडलेलं कातडं फार पितं."

ती उठली. गेरलोफला म्हणाली, "तुझ्या धन्याला सांग, उद्या पहाटे माझ्या गाड्या खाजणात असतील." आणि निघून गेली.

वियार्डने शब्द पाळला. ते त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. दुसऱ्या दिवसापासून अख्खी पंचक्रोशी बांधावर होती. ओब्बेमांची माणसं खाजणात खणत होती, रेन्समांची भरत होती. एकमेकांशी बोलत नव्हती, टोपली मात्र या हातातून त्या हातात जात होती. तेत्ते स्वतः गाडी हाकत होती. बाबा सीफ्रिडांनीही झगा खोचून ढेपा वाहिल्या. बांध वर चढत गेला. खाडीजवळचा कोपरा तेवढा राहिला आणि नोव्हेंबरातला मार्टिन संताचा सण झाल्यावर वारा फिरला.

सकाळी जेवणघरात हाब्बो उठून उभा राहिला. नियमाप्रमाणे तिथे बोलायचं नसतं. तो म्हणाला, "वायव्य," आणि बाहेर गेला. कुणी हसलं नाही.

मी त्याच्या मागोमाग गेलो. पळून टेकाडावर जाईल असं मला वाटलं होतं. तो उलट बांधाकडे चालला होता, वाऱ्यात वाकून, रडत रडत. समुद्र पांढरा झाला होता. ओहोटीची वेळ होती आणि पाणी उतरतच नव्हतं, म्हणजे येणारी भरती याच पाण्याच्या डोक्यावर चढणार. कोपऱ्यावर तेत्तेची माणसं आधीच होती. तिने आपल्या गोठ्याची दारं उपसून आणली होती आणि ती बांधाच्या माथ्यावर आडवी टाकून मागून ढेपा रचणं चाललं होतं. थोड्या वेळाने पूर्वेकडून वियार्डची माणसं दोन गाड्या घेऊन आली. मागोमाग स्वतः वियार्ड. तो आणि तेत्ते एकाच दाराची दोन टोकं धरून उभे होते हे मी पाहिलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती.

दुपारी पाणी माथ्याला लागलं. लाट आली की दारांवरून आत यायचं, आमच्या कमरेपर्यंत. हाब्बो सगळ्यांच्या मधे गुडघ्यांवर बसून हातांनी भोकं बुजवत होता. दात वाजत होते, ओठ निळे.

"मागे हो, हाब्बोभाऊ," मी ओरडलो.

"मागे गेलो तर दिसणार नाही," तो म्हणाला. काय दिसणार नाही ते मी विचारलं नाही.

बांध टिकला. आमचा टिकला. पश्चिमेला दोन गावं सोडून जो बांध होता, जो सगळ्यांना भक्कम वाटायचा, तो फुटला. अंधार पडायच्या आत आमच्या समोरून गंज्या, पाळणे, गाई वाहत जाताना दिसायला लागल्या. मेंढ्या तर पुष्कळच. माणसंही. हाब्बोने डोळे मिटले नाहीत. नंतर आठवडाभर तो त्या गावांतल्या उरलेल्या लोकांना शोधत, एकेकाजवळ बसून गेलेल्यांची नावं विचारत फिरत होता.

नाताळ झाल्यावर तो लिहायला बसला. मी नवीन कातडं नेऊन दिलं. त्याने पुराचं लिहिलं, गेलेल्यांची नावं लिहिली, आणि मग आमचा बांध का टिकला तेही लिहिलं. तिथे त्याने असं लिहिलं: रेन्समांच्या बांधाला माती मिळावी म्हणून वियार्ड ओब्बेमाच्या मागणीवरून मी, हाब्बोने, या पुस्तकातून एक ओळ खरवडली. त्या ओळीत होतं की वियार्डने एप्पो रेन्समाला मारलं. वियार्डने माती आणि माणसं दिली, आणि पुराच्या दिवशी तो स्वतः आला.

बाबा सीफ्रिडांनी वाचलं आणि खाली माझ्या खोपटापर्यंत ऐकू येईल एवढ्या आवाजात विचारलं, "तू शब्द दिला होतास ना?"

"खरवडायचा दिला होता, बाबा. खरवडलं. खरवडलं हे लिहायचं नाही, असं कुणी म्हटलं नव्हतं."

"हा वकिलीपणा तुला कधीपासून सुचायला लागला?"

"वकिली नाही. या साली हेच झालं. हे गाळलं तर बांध आपोआप उंच झाला असं लिहावं लागेल."

"खरवड ते."

"नाही, बाबा. आता बदल्यात काही नाही."

बाबा दुष्ट नव्हते. घाबरलेले होते. त्यांनी बखर उचलली आणि आपल्या पेटीत कुलपात टाकली. हाब्बोची लेखणीही काढून घेतली.

त्यानंतरचा काळ हाब्बोने कसा काढला ते मला माहीत आहे, कारण तो माझ्याच खोपटात बसलेला असायचा. रस्त्यावर टापा वाजल्या की त्याच्या हातातलं काम खाली पडायचं. वियार्डला कळलं असेल का? गेरलोफ पेटी उघडायला लावेल का? मठ जाळतील का? माझ्यापायी बाकीच्यांना? मी म्हणायचो, पुस्तक कुलपात आहे, कोण वाचणार. मग तो दुसऱ्या बाजूने घाबरायचा. "कुलपात ओल धरेल रे. त्या पेटीखाली जमीन गार आहे." आणि शिवाय वर्ष चाललं होतं आणि कुणी लिहीत नव्हतं. ते त्याला सहन व्हायचं नाही. तो मलाच सांगून ठेवायचा. "रेम्बोड, लक्षात ठेव. पुनवेचं पाणी सातव्या ढेपेला." "रेम्बोड, राय उतरली." मी हो म्हणायचो. काही लक्षात राहायचं, काही नाही.

दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळ्यात वियार्ड पोटाच्या दुखण्याने गेला. त्याचा मोठा मुलगा फोल्कमार गेरलोफला घेऊन मठात आला. बापासाठी दरसाल प्रार्थना लावायची होती. ते ठरलं. मग तो म्हणाला, "तुमच्या पुस्तकात वडिलांबद्दल जे जे आहे ते मला ऐकायचं आहे."

बाबा सीफ्रिड चाचरले. पुस्तक बांधणीला गेलंय, असं काहीसं पुटपुटले. फोल्कमार म्हणाला, "थांबतो." शेवटी पेटी उघडली. हाब्बोला बोलावणं आलं तेव्हा तो चौकटीवर कातडं ताणायला मला मदत करत होता. त्याने दोरी माझ्या हातात दिली आणि म्हणाला, "गेरलोफ बसलाय ना तिथे?"

"बसलाय."

"म्हणजे काही वगळताही येणार नाही." त्याला बरं वाटलं की वाईट, ते मला सांगता येणार नाही. मी दाराशी जाऊन उभा राहिलो.

त्याने घंटेचं वाचलं. आणखी एका देणगीचं वाचलं. मग पुराचं साल उघडलं आणि सगळं वाचलं, न थांबता, एका सुरात. वाचून झाल्यावर पुस्तक मिटलं नाही. दोन्ही हात पानाच्या दोन बाजूंना ठेवून उभा राहिला.

फोल्कमारने गेरलोफकडे बघितलं. "असंच लिहिलंय?"

"असंच."

"माती दिली, तेही?"

"तेही. स्वतः आले तेही."

फोल्कमारने टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाला, "त्या दिवशी बाजारात त्यांचा घोडा मी धरला होता. घरात कुणी रेन्समांचं नाव काढलं की ते ताटावरून उठायचे. शेवटच्या महिन्यात त्यांना जेवणच जात नव्हतं, तेव्हा उठायचं कारण राहिलं नाही. मी वाट बघत होतो काही बोलतील म्हणून." तो उठला. "राहू द्या ते. जसं आहे तसं."

दारात माझ्यापाशी थांबून त्याने विचारलं, "ती बाई आहे ना अजून तिथेच?"

"आहे, धनी."

तो तिकडे गेला. तिथे काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. तेत्तेने कधी सांगितलं नाही. खाजण मात्र त्यानंतर कुणाला बंद झालं नाही.

हाब्बोला लेखणी परत मिळाली. त्याने मधल्या काळाचं मला विचारून विचारून लिहिलं आणि मला आठवलं नाही तिथे "ठाऊक नाही" असं लिहिलं. त्याची भीती गेली असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. टापा वाजल्या की दचकणं थांबलं, वाऱ्याला कान लावणं तसंच राहिलं. आणखी तीन हिवाळे तो रोज बांधावर जात होता. चौथ्यात छातीत पाणी झालं आणि त्याला उठवेना, तेव्हा तो मला पाठवायचा आणि आल्यावर खोदून खोदून विचारायचा. मी एकदा कंटाळून म्हणालो, सगळं ठीक आहे. तो म्हणाला, "तू गेलाच नाहीस." मी खरंच गेलो नव्हतो. मग मी गेलो, बघून आलो, आणि सांगितलं की कोपऱ्यात दोन ढेपा सुटल्यात आणि तेत्तेची माणसं त्या बसवतायत. हे त्याला पटलं.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या, उपासात तो गेला. तेत्तेने पुरण्याच्या दिवशी लोण्याचा मोठा गोळा पाठवला. उपासात लोणी चालत नाही. बाबा सीफ्रिडांनी ते ठेवून घ्यायला सांगितलं, आणि ईस्टरला आम्ही सगळ्यांनी ते भाकरीला लावून खाल्लं.